काचेतली नदी

मुलांनो, पाण्याच्या आत बाग असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पाण्यावर तरंगणारं कमळ नव्हे हं. अगदी पाण्याच्या पोटात फुललेली बाग! मुळं गाळात, पानं पाण्यात, वाऱ्याऐवजी प्रवाहावर डोलणारी, आणि पानांच्या गर्दीतून मासे लपाछपी खेळतायत. आपल्याकडे मोठी माणसं अशा सगळ्या हिरव्या पसाऱ्याला 'शेवाळ' म्हणून मोकळी होतात. पण शेवाळाला मूळ, खोड, पान, फूल यांतलं काहीच नसतं. या झाडांना यातलं पुष्कळ काही असतं. नीट बघायला मात्र वाकावं लागतं आणि थोडे पाय भिजवावे लागतात.

आज मी तुम्हाला अशा तीन बागा दाखवणार आहे. एक डोंगरावर, एक नदीत आणि एक आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, दोन फूट लांबीच्या काचेच्या पेटीत.

पेटी आमच्याकडे कशी आली ते आधी सांगते. एका पालकांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, पण माशांची पेटी काही चढेना. मग ती जूनमध्ये आमच्या चौथीच्या वर्गाला मिळाली. आत निळे रंगवलेले खडे, प्लॅस्टिकची गुलाबी झाडं आणि चार गप्पी मासे. मुलं खूश! पण पंधरा दिवसांत दोन मासे गेले. तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही झाडं श्वास घेतात का?" मी म्हटलं, "नाही, ती प्लॅस्टिकची आहेत." ती म्हणाली, "मग ती तिथं कशाला आहेत?"

आता याला काय उत्तर द्यायचं? उरलेले दोन मासे आम्ही एका रुंद तोंडाच्या कुंडीत ठेवले. जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून थोडा हायड्रिला मागून आणला आणि कुंडीत सोडला. दहावीच्या ताईदादांना हायड्रिला चांगला ओळखीचा आहे. काचेच्या नरसाळ्याखाली तो ठेवतात, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घालतात आणि उन्हात त्याचे बुडबुडे मोजतात, तोच. ते बुडबुडे म्हणजे प्राणवायू. दोन्ही गप्पी नर होते, त्यामुळे त्यांची संख्या दोनच राहिली. नाहीतर कुंडीत बघता बघता पिल्लंच पिल्लं झाली असती!

पेटीत खरी झाडं लावायची हे ठरलं. पण कुणाच्याही घरी राहायला बोलवायचं तर त्याला काय लागतं ते आधी विचारतो ना आपण? म्हणून मी म्हटलं, पाण्यातली झाडं स्वतःच्या घरी कशी राहतात ते बघून येऊ या.

सप्टेंबरात आम्ही कासला गेलो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे 25 किलोमीटरवर कासचं पठार आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटर उंचीवर. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. फुलांच्या हंगामात इथं रोज ठरावीकच माणसांना सोडतात, त्यामुळे आधी नाव नोंदवून जावं. आणि छत्री असली तरी भिजायची तयारी ठेवावी. धुकं असं येतं, की पुढच्या मुलाची टोपी तेवढी दिसते आणि मुलगा गायब!

कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकाची एक अवाढव्य ताटली. माती अगदी थोडी, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पावसाचं पाणी मुरायला जागा नसल्याने खळग्याखळग्यांत साचतं. लोक आजूबाजूच्या गुलाबी-जांभळ्या गालिच्यांचे फोटो काढत पुढं जातात. आम्ही मात्र या खळग्यांपाशी उकिडवे बसलो. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या ओल्या जागेत उभ्या होत्या. 'सीतेची आसवं' नावाची निळसर जांभळी फुलं होती. नाव किती हळवं, पण झाड चांगलंच खट्याळ. खाली ओलाव्यात त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवतं! जमिनीत पोषण कमी, म्हणून ही युक्ती.

आणि मग एका डबक्यात दिसला वायतुरा. पाण्यातून वर आलेला दांडा, आणि टोकाला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा फुटलेला तुरा. याच्या शास्त्रीय नावातच आपला सातारा आहे: अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीतली काही पठारं सोडली तर जगात हे झाड आपल्या आपण कुठंच उगवत नाही. त्याची नरफुलं एका झाडावर आणि मादीफुलं दुसऱ्या झाडावर. पाऊस संपला, डबकं आटलं, की पानं वाळून जातात आणि जमिनीखाली कंद तेवढा झोपून राहतो. पुढचा पाऊस येईपर्यंत!

गंमत म्हणजे याच कुळातली काही भावंडं माशांच्या दुकानात विकायला असतात. हे मी सांगितलं मात्र, लगेच मागून आवाज आला, "बाई, एकच उपटू? पेटीसाठी. कुणाला कळणार पण नाही."

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं? मी आधी कायदा सांगितला: इथलं फूल तोडायचं नाही, काही उपटायचं नाही. मग मी त्यालाच विचारलं, "हा कंद उरलेले महिने कुठं झोपतो?" तो म्हणाला, "कोरड्या जमिनीत." "आणि आपल्या पेटीत?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पेटीत तर बाराही महिने पाणी. म्हणजे याला झोपच नाही मिळणार." पोराने बरोबर ओळखलं. पाण्यातली सगळी झाडं पाण्यात सारखीच राहत नाहीत. कुणाला उन्हाळ्याची कोरडी झोप लागते, कुणी बारमाही पाण्यातलं असतं. पेटीसाठी निवडायचं ते हे दुसऱ्या जातीचं.

ती बारमाही मंडळी बघायला आम्ही जानेवारीत संगम माहुलीला गेलो. साताऱ्याच्या अगदी जवळ, कृष्णा आणि वेण्णा जिथं भेटतात ती जागा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव माहुलीच. देवळं, दगडी घाट आणि थंडीत संथ झालेलं पाणी. पोहायला म्हणून कुणी पाण्यात शिरायचं नाही, ही सूचना मी तीनदा केली. तुम्हालाही करते. नदीचा तळ दिसला म्हणून ती उथळ असतेच असं नाही. दोन पालक बरोबर होते आणि आम्ही काठाच्या घोटाभर पाण्याच्या पुढं गेलो नाही.

तिथं हायड्रिला तर होताच. शिवाय हिरव्या फितीसारखी लांबच लांब पानं प्रवाहात लोळत होती. ही व्हॅलिसनेरिया. एक पान पाण्यातच हाताने उचलून बघितलं, की लगेच मान टाकतं. जमिनीवरच्या झाडाला स्वतःचं वजन पेलायला ताठ खोड लागतं. हिला पाणीच उचलून धरतं. पानात हवेच्या बारीक पोकळ्या, म्हणून ती तरंगत उभी राहते. पानावर मेणाचा जाड थरही नाही, त्यामुळे पाण्यात विरघळलेले वायू आणि क्षार ती पानांतूनसुद्धा घेऊ शकते.

पण व्हॅलिसनेरियाचं खरं कौतुक तिच्या लग्नात आहे! मादीफूल लांब, बारीक देठावर वाढत वाढत थेट पाण्याच्या पृष्ठभागावर येतं. नरफुलं मात्र तळाशी तयार होतात, अगदी टाचणीच्या डोक्याहून लहान. वेळ झाली की ती सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, उमलतात आणि इवल्या होड्यांसारखी पाण्यावर फिरू लागतात. मादीफुलाभोवती पाण्याला छोटीशी खळी पडलेली असते. होडी त्या खळीत घसरली की पराग पोचले! मग मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळं घेतो आणि फळ धरलेलं फूल परत तळाशी ओढून नेतो. ना मधमाशी, ना वारा. सगळं पाण्यावर भागतं.

आम्ही हे बघत होतो, तेवढ्यात घाटावर एक गृहस्थ बादली घेऊन उतरले. बादलीत घरच्या पेटीतली झाडं, खडे आणि एक काळा मासा. काचेला तोंड लावून चिकटतो ना, तो. घर बदलत होते. म्हणाले, "जीव आहे, मारवत नाही. कृष्णामाईत सोडतो, पुण्यच लागेल."

हेतू वाईट नव्हता हो त्यांचा. पण याच नदीच्या काठाने जलपर्णी साचलेली आम्ही नुकतीच पाहिली होती. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुलं सुंदर, म्हणून हौसेने तळ्यांत लावायला लोकांनी ती देशोदेशी नेली. तिकडं तिला खाणारे किडे होते, इथं नव्हते. ती पसरली, पाणी झाकून टाकलं, खालच्या झाडांचं ऊन गेलं. पाण्याखालचा प्राणवायू कमी झाला, मासे गुदमरले. आज तिच्यापायी किती नद्या-तळी हैराण आहेत, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. आणि तो काचेला चिकटणारा मासाही दक्षिण अमेरिकेतलाच. आपल्या देशातल्या काही नद्या-तळ्यांमध्ये तो असाच सोडलेल्या माशांपासून वाढलाय.

मी काही बोलायच्या आधीच 'मग ती तिथं कशाला आहेत' विचारणारी आमची तीच मुलगी पुढं झाली. "काका, ते आम्हाला द्या ना. आमची पेटी रिकामी आहे."

काकांनी एकदा नदीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि बादली खाली ठेवली. वर स्वतःच शाळेपर्यंत आणून दिली. तो मासा मोठा होऊन फूटभराच्याही वर जातो, आमच्या दोन फुटी पेटीत त्याचे हालच झाले असते. तो शहरातल्या माशांच्या दुकानदाराने परत घेतला. झाडं आमच्याकडे राहिली: व्हॅलिसनेरियाची सात रोपं आणि दोन जावा फर्न.

आता आमची तिसरी बाग. ही कशी लावली ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी पेटी असणार.

पेटी आधी जागेवर ठेवायची, मग भरायची. आमची पेटी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. गुणाकार करा: 54,000 घनसेंटिमीटर, म्हणजे 54 लिटर. खडे, पाणी, काच सगळं धरून वजन 70 किलोच्या आसपास जातं. तुमच्या बाबांना उचलायला सांगा बरं! म्हणून टेबल मजबूत हवं. आणि थेट उन्हात पेटी ठेवायची नाही. ऊन जास्त झालं तर झाडांच्या आधी शेवाळ माजतं, खरंखुरं शेवाळ, काचा हिरव्या करणारं.

निळे खडे आम्ही काढले. नदीतली वाळू मात्र आणली नाही. बांधकामासाठी आणलेल्या वाळूतली जाडसर वाळू चाळून घेतली आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. हे काम मुलांनी सुट्टीच्या दोन दिवसांत हसत-भिजत केलं. सजावटीचे दगड घेतलेत तर त्यांवर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे. असा दगड पाणी हळूहळू जड करत राहतो, तो नको. तळाला इंचभर चाळलेली बागेतली माती घातली, शेणखत किंवा रासायनिक खत अजिबात नसलेली. त्यावर दोन इंच वाळू, मागच्या बाजूला थोडी चढती. झाडाला खाऊ मातीत मिळतो आणि वाळूमुळे पाणी गढूळ होत नाही.

झाडं आणल्याबरोबर लावायची नाहीत. ती निराळ्या बादलीत आठवडाभर ठेवली. त्यांच्याबरोबर आलेली गोगलगायींची चिकट अंडी पुसून काढली आणि कुजकी पानं खुडली. मग पेटीत तिसरा हिस्सा पाणी भरलं. पाणी ओतताना तळाशी एक बशी ठेवा आणि धार बशीवर सोडा, म्हणजे वाळूत खड्डा पडत नाही. नळाचं पाणी असेल तर आधी उघड्या बादलीत 24 तास राहू द्या, त्यातला क्लोरीन उडून जातो.

आता लावणी. भातलावणी पाहिलीय ना? तसंच, पण चिमट्याने. व्हॅलिसनेरियाची मुळं दोन बोटं ठेवून कापायची, रोप वाळूत थोडं जास्तच खोल खुपसायचं आणि मग हलकेच वर ओढायचं. मुळं आणि पान जिथं जुळतात तो पांढरट भाग वाळूच्या वर दिसला पाहिजे. तो पुरला तर रोप कुजतं. जावा फर्नची तऱ्हा निराळी. त्याचं आडवं खोड मुळीच पुरायचं नाही, दोऱ्याने दगडाला बांधायचं. काही आठवड्यांनी ते स्वतःच दगड धरतं. हायड्रिलाच्या काड्यांची खालची पानं काढून एकेक काडी बोटभर अंतरावर खोचली. जुडी करून खोचली तर मधल्या काड्यांना ऊन मिळत नाही. उंच झाडं मागे, बुटकी पुढे, वर्गाच्या फोटोत उभं राहतो तसं.

दहा दिवसांत व्हॅलिसनेरियाची निम्मी पानं पिवळी पडून विरघळली. वर्गात सुतक! पण जागा बदलली की पाण्यातली पुष्कळ झाडं असं करतात. जुनी पानं टाकून नव्या पाण्याला साजेशी नवी काढतात. तेव्हा उपटून टाकू नका. सडकी पानं काढा आणि मधला कोंब हिरवा आहे ना तेवढं बघा. आमचा होता.

गप्पींना मात्र आम्ही तीन आठवडे थांबवलं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाऊतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा. वाळूत सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात, ते अमोनियाचं हळूहळू नायट्रेट करतात. झाडं यातलं पुष्कळसं खत म्हणून खाऊन टाकतात. ही वस्ती जमायला वेळ लागतो. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडले की ते का मरतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आणि झाडांच्या पेटीत गोल्डफिश नको बरं. तो झाडं उपटतो आणि कोवळी पानं खातो.

हा झाड आणि मासा यांचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडून दाखवणाऱ्यांत लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन होते. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि चक्क व्हॅलिसनेरिया ठेवली! पानं कुजून पाणी गढुळलं, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पानं खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. 1850 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आम्ही अंडी पुसली, त्यांनी गोगलगायी मुद्दाम आणल्या. दोन-चार असल्या तर त्या कामाच्याच असतात, पण दोनाच्या दोनशे व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मोठ्यांनाही ठाऊक नसते. झाडं दिवसा प्राणवायू देतात खरी, पण रात्री उजेड नसला की ती नुसती श्वास घेतात, म्हणजे पाण्यातला प्राणवायूच वापरतात. म्हणून झाडं आहेत म्हणून कितीही मासे भरा, असं चालत नाही. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असतील तर गर्दी झालीय असं समजा. दिवा रोज आठ तास पुरे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला आणि काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. पाण्यात हात घालण्याआधी दिव्याचा आणि पंपाचा प्लग काढा. हे काम मोठ्यांनीच करायचं.

आमच्या सात रोपांची एप्रिलअखेर एकोणीस झाली. व्हॅलिसनेरिया वाळूखालून धावरे सोडते आणि दर टप्प्याला नवं रोप. मुलं दर सोमवारी मोजतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहितात. जास्तीची रोपं मागायला दुसऱ्या शाळांतून निरोप येतात. हायड्रिला मात्र फार माजतो. छाटलेला आम्ही उन्हात कडकडीत वाळवतो आणि शाळेच्या जास्वंदीच्या बुडाशी घालतो. ओढ्यात नाही, गटारातही नाही. त्याचा बोटभर तुकडासुद्धा पुन्हा झाड होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत पेटीचं काय, हा मोठा प्रश्न होता. शाळेजवळ राहणाऱ्या सहाजणांनी पाळ्या लावल्या. दोन गप्पींना दिवसाआड चिमूटभर खाऊ, आटलेलं पाणी शिळ्या पाण्याने भरायचं आणि वहीत सही. पहिल्या आठवड्याच्या वहीत एवढंच आहे: "मासे 2. रोपं 20. फूल नाही." व्हॅलिसनेरियाच्या फुलाची पैज लागलीय. मुली म्हणतात पावसाळ्यात येईल, मुलं म्हणतात पेटीत येणारच नाही. वहीत त्यासाठी एक रकाना आखून ठेवलाय.